पार्लर शोधताना दिसलेला पार्किन्सन

मार्चमधली दुपार होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात भूगोलाचे सर आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॅब. या सरांनी मला आठवी ते दहावी शिकवलं. खडू न उचलता फळ्यावर भारताचा सगळा किनारा काढायचे, कच्छपासून सुंदरबनापर्यंत. त्या दिवशी त्यांनी टॅब डाव्या हातानं काढून टेबलावर ठेवला. उजवा हात खिशात होता आणि निघेपर्यंत खिशातच राहिला.

"हे तपास," ते म्हणाले. "यानं माझी गोष्ट घरात फोडली."

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं त्या टॅबसमोर बसलो. जे सापडलं ते सरांच्या आणि त्यांच्या मुलीच्या संमतीनं इथं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांनी वापरलेलं सर्च इंजिन, ब्राउझर आणि ॲप यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण दुसरं कुठलंही असतं तरी हेच झालं असतं.

घरात काय घडलं

डिसेंबरपासून सरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. काम करताना कमी, निवांत मांडीवर ठेवला की जास्त. सही बारीक होत चालली होती. एकदा बँकेतून सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला, तेव्हा ते गुपचूप न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. निदान झालं कंपवात, म्हणजे पार्किन्सन.

मुलीचं लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलेलं. हॉल बुक झालेला, पत्रिका छापायला गेलेल्या, काकूंच्या रोज महाद्वार रोडला चकरा. सरांनी ठरवलं की लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, काकूंनासुद्धा नाही. भीती पाहुण्यांची होती. बापाला आहे म्हटल्यावर मुलीलाही होईल म्हणतील, आणि मग काय होईल सांगता येत नाही. हा आजार बहुतेकांमध्ये आनुवंशिक नसतो. पण हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला, हाच प्रश्न होता.

ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एकदा कुणीतरी सांगितलं होतं की नेहमीचं सर्च इंजिन तुमचा प्रत्येक प्रश्न लिहून ठेवतं आणि काही इंजिनं तसं करत नाहीत. सरांनी त्यातलं एक स्वतः टॅबवर बसवलं. माणसानं सत्तरीत हे एकट्यानं जमवलं याचं मला आजही कौतुक वाटतं. घरातले झोपले की ते शोधायला बसायचे. असं तीन आठवडे चाललं.

मग एकाच आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. हॉलमधल्या टीव्हीवर व्हिडिओचं ॲप उघडलं की कंपवाताचे व्यायाम दाखवणारे डॉक्टर पहिल्या रांगेत दिसायला लागले. काकूंना समाजमाध्यमावर 'हात थरथरतात का?' अशी एका क्लिनिकची जाहिरात आली आणि त्यांनी ती सरांनाच दाखवली, "बघा ओ, काय काय असतंय." आणि सरांच्या मोबाइलवर एका मुलीचा फोन आला: "पेशंटचं नाव काय, सर?"

सरांचा निष्कर्ष सरळ होता. खाजगीपणाची पाटी लावून त्या इंजिननं त्यांना विकलं.

टॅबमध्ये काय सापडलं

मी आधी टॅबची हिस्ट्री उघडली. सर म्हणाले, "ती कशी काय असंल? ते इंजिन तर काही ठेवत नाही."

सगळ्या प्रकरणाचं मूळ या एका वाक्यात आहे. इंजिनचं वचन इंजिनपुरतं असतं: आमच्याकडे, आमच्या सर्व्हरवर, तुमच्या नावानं शोधांची नोंद ठेवणार नाही. ब्राउझर ही वेगळी वस्तू. तो आपली वही लिहितच असतो. त्यात बहुतेक इंजिनांत शोधलेले शब्द पानाच्या पत्त्यातच येतात आणि पानाच्या शीर्षकातही. म्हणजे ब्राउझरनं नुसता पत्ता आणि शीर्षक टिपून ठेवलं तरी प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरतो. स्टार्टपेज आणि डकडकगो या खाजगी इंजिनांच्या सेटिंगमध्ये पत्त्यात शब्द येऊ नयेत अशी सोय आहे. सरांनी सेटिंगच्या पानावर पाऊलही ठेवलं नव्हतं, आणि बहुतेक लोक ठेवत नाहीत.

हिस्ट्रीत आणखी एक गोष्ट दिसली आणि मी चकित झालो. निम्म्याहून जास्त शोध त्या खाजगी इंजिनवर झालेच नव्हते. ते थेट गूगलवर गेले होते.

कारण मराठी. सर मराठीत विचारायचे: 'कंपवात बरा होतो का', 'कंपवातात किती वर्षं हात चालतो'. उत्तरं तुटपुंजी यायची, हिंदी पानं जास्त. त्यांनी भाच्याला सहज विचारलं, विषय न सांगता. भाचा म्हणाला, प्रश्नाच्या आधी उद्गारचिन्ह आणि इंग्रजी जी टाका, भरपूर सापडतंय. ही युक्ती खरी आहे. डकडकगोनं ती लोकप्रिय केली, इतर काही इंजिनांतही आहे. पण तिचा अर्थ इतकाच की 'हा प्रश्न तिकडे पाठव'. उंबरठा ओलांडला की तिकडचे नियम लागू होतात. डकडकगोच्या मदतीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण इंग्रजीत, आणि शोधणारा माणूस मदतीचं पान वाचून शोधत नाही. सरांना पानाचा रंगरूप बदलल्याचं दिसलं होतं. त्यांना वाटलं, आपलंच इंजिन तिकडून आणून देतंय.

असं आणून देणारं इंजिनही आहे, म्हणून हा गैरसमज मूर्खपणाचा नाही. नेदरलँड्सचं स्टार्टपेज नेमकं तेच करतं: तुमचा प्रश्न स्वतःच्या नावानं गूगलला विचारतं आणि उत्तर तुम्हाला देतं. सर ज्यावर विसंबले ती गोष्ट जगात होती, फक्त त्यांच्या टॅबवर नव्हती.

टीव्हीचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. शोधात आलेला एक व्यायामाचा व्हिडिओ सरांनी दाबला, टॅबनं तो व्हिडिओच्या ॲपमध्ये उघडला. त्या ॲपमध्ये घरचं एकच अकाउंट चालू होतं आणि टीव्हीवरही तेच. पाहिलेल्या व्हिडिओवरून पुढचे सुचवणं हे त्या ॲपचं कामच आहे.

काकूंच्या जाहिरातीला थोडा वेळ लागला. टॅबच्या त्याच ब्राउझरमध्ये काकू समाजमाध्यमावर लॉगिन होत्या. सर ज्या क्लिनिकच्या पानावर गेले, त्या पानात समाजमाध्यमाचा एक छोटा अदृश्य कोड होता. पान उघडलं की तो कोड तिकडे कळवतो, अमुक ब्राउझर इथं आला होता. तिकडे तो ब्राउझर काकूंचा म्हणून ओळखीचा. हे आपल्याकडेच होतं असं नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेनं तिथल्या १०० नामवंत रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या. त्यातल्या ३३ साइटवर रुग्णानं अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या 'पिक्सेल' नावाच्या अशाच कोडमधून फेसबुकला माहिती जात होती. सर्च इंजिन कुठलंही असो, दुसऱ्याच्या दारातला हा कॅमेरा त्याला काढता येत नाही.

आणि फोन? 'मोफत सल्ला' असं लिहिलेल्या चौकटीत सरांनी स्वतःच नाव आणि नंबर भरला होता. रात्री दीड वाजता. ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. हिस्ट्रीत 'धन्यवाद, आमचे प्रतिनिधी संपर्क करतील' हे पान दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

त्या क्लिनिकचा पत्ता मी नीट वाचला. सर तिथं इंजिनच्या सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवरून गेले होते. पत्त्याच्या शेपटीला जाहिरातदारानं लावलेल्या खुणा होत्या आणि त्यात कुठल्या शब्दाच्या जाहिरातीवरून माणूस आला तो शब्दही होता. म्हणजे क्लिनिकला कळलं की हा माणूस कंपवात शोधत आला, आणि दोन मिनिटांत त्यानं नाव-नंबर दिला. दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या की संपलं.

चौथी गोष्ट

इथपर्यंत सर शांत झाले होते. मग मी अकाउंटला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. टॅब, टीव्ही आणि एक लॅपटॉप. ब्राउझरचं सिंक चालू होतं, म्हणजे टॅबवरची हिस्ट्री लॅपटॉपवरही जात होती.

"लॅपटॉप कुणाचा, सर?"

सरांनी उत्तर दिलं नाही. डाव्या हातानं फोन काढला आणि मुलीला लावला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"मला माहिती आहे बाबा," ती म्हणाली. "पार्लर शोधत होतो, तेव्हाच दिसलं."

लग्नासाठी पार्लर बघायला तिनं ब्राउझरच्या पट्टीत 'पार्' एवढं लिहिलं होतं. खाली ब्राउझरनं जुनी नोंद सुचवली: पार्किन्सन मुलींना होतो का. त्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस ती वडिलांसारखीच गप्प होती, त्यांनी स्वतः सांगावं म्हणून.

बाकी तीन गोष्टींनी सर चिडले होते. या चौथीनं ते खुर्चीत बसून राहिले. बाहेर जाऊन मी चहा सांगितला आणि थोडा वेळ बाहेरच उभा राहिलो.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. सरांनी नेहमीच्या मोठ्या इंजिनवर, पण ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत शोधलं असतं, तर ही चौथी गळती झाली नसती. ती खिडकी बंद केली की ब्राउझरची वही कोरी राहते. उलट बाहेरच्या कंपन्यांपासून ती खिडकी फारसं लपवत नाही. गूगलवर याच कारणासाठी अमेरिकेत २०२० मध्ये सामूहिक खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. खाजगी इंजिन बाहेरच्यांपासून थोडं वाचवतं, घरच्यांपासून अजिबात नाही. इनकॉग्निटो खिडकी बरोबर उलटी. सरांना भीती होती घरच्यांची आणि पाहुण्यांची, आणि त्यांनी कुलूप लावलं अमेरिकेच्या बाजूच्या दाराला.

मग त्या इंजिनवर विश्वास ठेवायचा की नाही?

दुसऱ्या दिवशी सरांनी हाच प्रश्न विचारला, शिक्षकाच्या आवाजात. "चारही गोष्टीत त्याचा दोष नाही, मान्य. खरं ते म्हणतंय तसं वागतंय हे तुला कसं कळलं?"

मला कळलेलं नाही, आणि बाहेरून कुणालाच पूर्ण कळत नाही. आपला प्रश्न त्यांच्या सर्व्हरवर पोचतो, सोबत आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांकही पोचतोच, नाहीतर उत्तर परत कुठे पाठवणार? तो टिपला की टाकून दिला, हे त्यांच्या शब्दावर घ्यावं लागतं. एवढं मात्र तपासता येतं की आपला प्रश्न वाटेत उघडा नसतो. जोडणी कूटबद्ध असल्यानं इंटरनेट पुरवणाऱ्याला आपण कुठल्या साइटवर गेलो ते समजू शकतं, काय विचारलं ते नाही.

मग उरतात माणसं पारखायच्या जुन्या रीती. पैसा कुठून येतो आणि पूर्वी पकडले गेले तेव्हा कसे वागले.

पैशाचा हिशोब बऱ्यापैकी सरळ आहे. डकडकगो २००८ मध्ये गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी सुरू केलं. तिथं जाहिरात दिसते ती समोरच्या शब्दावरून. 'कंपवात' लिहिलं तर कंपवाताची, मग पुढचा माणूस 'उसाचं बेणं' शोधेल तर बेण्याची. माणसाची कुंडली मांडायची गरज नसते. पण या जाहिराती मायक्रोसॉफ्टमार्फत येतात, आणि जाहिरातीवर बोट ठेवलं की त्या क्लिकपुरता आपला आयपी पत्ता मायक्रोसॉफ्टकडे जातो. डकडकगो हे स्वतःच सांगतं, आणि त्यावरून कुणाची माहिती जमवली जात नाही असं करारात आहे असंही सांगतं. शोधाचे निकालही मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्याच बिंग या इंजिनचे. २३ मे २०२४ ला बिंग बिघडलं तेव्हा डकडकगो, इकोझिया आणि क्वांट ही तिन्ही इंजिनं एकदमच अडली. तीन वेगळ्या पाट्या आणि मागे एकच गिरण, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

वागणुकीचा इतिहास डागविरहित कुणाचाच नाही. २०२२ च्या मे महिन्यात एका संशोधकानं दाखवलं की डकडकगोचा मोबाइल ब्राउझर इतर साइटवरचे गूगल-फेसबुकचे ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे कोड, अडवतो, पण मायक्रोसॉफ्टचे काही जाऊ देतो. वाइनबर्ग यांनी मान्य केलं की निकाल पुरवण्याच्या करारातली अट तशी आहे. हे ब्राउझरबद्दल होतं, शोधाबद्दल नाही, तरी लोकांना वाईट वाटलं आणि वाटायलाच हवं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी तेही अडवायला सुरुवात केली. स्टार्टपेजमध्ये २०१९ मध्ये सिस्टिम वन या अमेरिकी जाहिरात कंपनीच्या उपकंपनीनं पैसा घातला, आणि ही बातमी वापरणाऱ्यांच्या लक्षात आल्यावर सारवासारव करावी लागली. ब्राउझर आणि खाजगी इंजिन दोन्ही चालवणाऱ्या ब्रेव्हचा ब्राउझर २०२० मध्ये एका क्रिप्टो साइटच्या पत्त्यात स्वतःचा कमिशनचा कोड जोडताना सापडला आणि त्यांनी माफी मागितली. याच ब्रेव्हनं पुढं शोधासाठी वेबपानांची स्वतःची अनुक्रमणिका बांधली आणि २०२३ मध्ये बिंगचा आधार सोडला, हेही त्याच खात्यात जमा करायला हवं.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसते. यातल्या एकाही प्रकरणात लोकांच्या शोधांची यादी नावानिशी विकल्याचं निघालं नाही. जे निघालं ते कडेकडेचं होतं: करार, भागभांडवल, कमिशन. म्हणून 'आम्ही शोध साठवत नाही' या मुख्य वचनावर मी आज विश्वास ठेवतो. माझ्या टॅबवरही तसलंच इंजिन आहे. पण तो विश्वास तेवढ्याच वाक्यापुरता. 'खाजगी' या शब्दाची मोठी पाटी लावून बाकीचं बारीक अक्षरात सोडणं मला पटत नाही. त्या पाटीवर विसंबून सरांसारखा माणूस रात्री दीड वाजता नंबर भरतो.

सरांनी विचारलं, "मग साठवलं तर एवढं काय बिघडतं? नाव तर नसतंय."

मी त्यांना एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीची गोष्ट सांगितली. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीनं अभ्यासकांसाठी साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढून फक्त क्रमांक ठेवले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातला ४४१७७४९ हा क्रमांक उचलला, शोध वाचत गेले आणि जॉर्जिया राज्यातल्या ६२ वर्षांच्या एका बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. आजार, गाव, आडनाव, कुत्र्याच्या सवयी. शोध एकापाठोपाठ ठेवले की त्यातून माणूस उभा राहतो.

सरांनी आपली हिस्ट्री पुन्हा वरपासून वाचली. सही बारीक होणे. मुलीचं लग्न, हॉल, शिवाजी पेठ. पार्किन्सन मुलींना होतो का. "यात माझं नाव लिहायची गरजच नाही," ते म्हणाले.

आम्ही काय केलं

फार काही नाही. टॅबवर सरांसाठी वेगळा वापरकर्ता केला आणि त्यात घरचं अकाउंट घातलं नाही. सिंक बंद केलं. आजाराचं काही शोधायचं तर खाजगी इंजिन आणि इनकॉग्निटो खिडकी, दोन्ही एकदम. उद्गारचिन्हाची युक्ती बंद, त्याऐवजी मराठी उत्तर कमी पडलं तर स्टार्टपेज. वरच्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही, खालचा निकाल बघायचा. टीव्हीच्या अकाउंटमधून ते व्हिडिओ काढून टाकले. आम्ही मोजीकही लावून बघितलं. स्वतःचं भांडार असलेलं हे जुनं ब्रिटिश इंजिन, पण मराठी वाक्याला त्याच्याकडून फारसं हाती लागलं नाही. मराठीतून विचारणाऱ्याला खाजगीपणा महाग पडतो, तो असा. चांगलं उत्तर हवं तर मोठ्या दुकानात जा, नाहीतर इंग्रजीत विचार. सरांना इंग्रजी येतं. स्वतःच्या हाताबद्दल रात्री विचारताना ते सुचत नाही.

मुलीनं होणाऱ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना स्वतः सांगितलं, लग्नाच्या दोन आठवडे आधी. सरांना नंतर कळलं. काकूंना सरांनी आणि मुलीनं मिळून सांगितलं. तेव्हा काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

चारपैकी तीन गळत्या बंद झाल्या. चौकटीत भरलेला नंबर मात्र परत घेता येत नाही. सरांनी दोनदा 'फोन करू नका' म्हणून सांगितलं, नंबर ब्लॉक केले, फोन नव्या नंबरावरून येत राहिले. मेमध्ये पाहुणे-रावळे परतल्यावर मी घरी गेलो होतो तेव्हाही आला. सरांचा मोबाइल टेबलावर होता. काकूंनी तो उचलला, पलीकडचं ऐकून घेतलं, "त्यांचे डॉक्टर आहेत, आम्ही तिथंच जातो," असं म्हणून ठेवला आणि सरांच्या पुढ्यात गोळी आणि पाण्याचं भांडं सरकवलं.